नोंदवहीतले तेवीस हात

डॉक्टरांनी आयुष्यभर सुजलेले सांधे तपासले, पण त्यांचं खरं संशोधन सुरू झालं ते माझ्या दिवाळीच्या बांगड्यांमुळे. डायरीत तारीख आहे, १२ ऑक्टोबर १९३०. डॉक्टर म्हणजे माझे यजमान, उत्तमराव गावंडे. आमचं लग्न होऊन चार महिने झाले होते आणि त्यांची बदली अमरावतीहून बार्शीटाकळीच्या सरकारी दवाखान्यात झाली होती. मी नागपूरला मामाकडे राहून कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. बार्शीटाकळीत माझ्याशी बोलायला कुणी नव्हतं, म्हणून मी बाजाराच्या दिवसाची फार वाट पाहायची.

बाजारात माणिकबाई कासारीण बसायची. पन्नाशीची, सडपातळ, आणि आवाज असा की दोन रांगा पलीकडच्या मिरचीवाल्यालाही तिचं बोलणं ऐकू जावं. माझ्या शेजारी मळ्यातली एक बाई हात पुढे करून बसली होती. गोदाबाई तिचं नाव. वांगी विकून झाल्यावर टोपली पालथी घालून त्यावरच बसलेली. माणिकबाईनं तिचा अंगठा तळहातात दुमडला, बोटं जुळवली, बांगडी चढवायला घेतली आणि थांबली.

"काहून व गोदे, गेल्या सालाले सव्वादोनची जात होती तुले. आता अडीचची बी अडून राहिली."

"जाड झाली असन माय मी."

"जाड कायची होतं! मनगट तं काडीच हाय. ह्या गाठीच वाढल्या बोटाच्या मुळाशी. दुखते का?"

"सकाळी लय दुखते. मूठच मिटत नाई. मंग उन्हं वर आली का सुटते."

"तुह्यासारख्या चार झाल्या यंदा," माणिकबाई म्हणाली, आणि तेल लावून तिनं एकेक बांगडी अशी चढवली की गोदाबाईनं डोळे मिटून घेतले, पण एकही फुटली नाही.

मी दिवसभराचं सगळं डायरीत लिहायची आणि जेवताना डॉक्टरांना वाचून दाखवायची. गावात त्यांना दुसरी करमणूक नव्हती. त्या संध्याकाळी मी हे वाचलं आणि त्यांचा घास हातातच राहिला.

"थांब, थांब. मनगट तेच आहे म्हणाली? नक्की?"

"काडीच आहे म्हणाली."

"अन् सकाळी मूठ मिटत नाही, उन्हं आल्यावर सुटते?"

"हो."

"आशा!" ते ताटावरून तसेच उठले. "अगं हा सांध्यांचा दाह आहे! कामानं झिजलेला सांधा संध्याकाळी दुखतो, कामानंतर. हा सकाळी दुखतो! आणि ती बाई म्हणते की एका सालात चार झाल्या!"

मला तेव्हा काहीच कळलं नाही. भाकरी गार झाली एवढं मात्र मी लिहून ठेवलं आहे.

कळलं ते पुढच्या आठ दिवसांत. डॉक्टर वलगावच्या शेतकरी घरातले. नागपूरच्या मेडिकल स्कूलमधून एल.एम.पी. झाले, मग अमरावतीला दोन वर्षं दवाखान्याच्या प्रयोगशाळेत काढली. तिथे सुजलेल्या गुडघ्यांतलं पाणी काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं हे त्यांचं काम. तिथेच त्यांना या विषयाचं वेड लागलं. इंग्रजी पुस्तकात सरळ लिहिलेलं होतं की हातापायांच्या सांध्यांचा हा दाह थंड, दमट देशांचा रोग आहे, उष्ण देशांत तो क्वचितच आढळतो. डॉक्टरांना हे पटत नव्हतं. ते म्हणायचे, "क्वचित आढळतो की क्वचित कुणी शोधतो?" पण शोधायचं कसं? मळ्यातल्या बाया दवाखान्यात येत नाहीत. आल्या तर नाडी पाहू देतील, पण परपुरुषाला बोटं दाबू देणार नाहीत. शिवाय पुस्तकातली दाहाची पहिली खूण म्हणजे लाली. आमच्या उन्हात करपलेल्या हातांवर लाली कुठली दिसायला? हात लावून ऊन लागतं का, तेच पाहावं लागतं.

आणि इथे बाजारात एक बाई बसलेली, जिनं तीस वर्षं पंचक्रोशीतल्या प्रत्येक बाईचा हात हातात घेतला होता, दाबला होता, आणि कुणाला कितीचं माप लागतं हे जिच्या डोक्यात बसलेलं होतं!

डॉक्टर पुढच्या बाजारी थेट तिच्यासमोर जाऊन बसले. सगळा बाजार पाहायला लागला.

"काय डाक्टर, बांगड्या भरता का?" माणिकबाईनं विचारलं.

"शिकव मले," डॉक्टर म्हणाले.

"अरे बाप्पा! दवाखाना चालत नाई का काय?"

बाजार हसला, डॉक्टरही हसले. पण उठले नाहीत. बांगडी मनगटावरून नव्हे, बोटांच्या मुळांच्या गाठींवरून पार व्हावी लागते, हे त्यांनी तिच्याकडून हात कसा मिटवायचा ते शिकताना पाहिलं. म्हणजे बांगडीचं माप हे गाठींचंच माप. पाव पाव इंचाच्या पायऱ्यांनी वाढत जाणारं, काचेचं, आणि हात पुढे करायला बाईला अजिबात लाज न वाटणारं असं उपकरण कुठल्या प्रयोगशाळेत मिळणार होतं?

त्या दिवसापासून सहा वर्षं आमचा नेम चालला. बाजार उठला की माणिकबाई पेटारा घेऊन आमच्या ओसरीवर यायची आणि चहा पीत पाठ म्हटल्यासारखी सांगायची. अमकी, अमक्या मळ्यातली, वय अंदाजे इतकं, माप इतकं, गेल्या खेपेला इतकं होतं. मी नोंदवहीत लिहायची. ज्यांचं माप चढलं असेल त्यांच्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी मी जायची, बोटांना ऊन लागतं का पाहायची, आणि विहिरीचा दोर हातात देऊन मूठ मिटते का ते पाहायची. एखादीचं नाव वर्षभर आलं नाही तर मी विचारायची, "ही कुठे गेली?" माणिकबाई म्हणायची, "नाई येत आता." मग डॉक्टरांच्या सांगण्यावरून मी त्या नावावर तांबडी रेघ मारायची. जिचं माप मिळत नाही, ती हिशेबात धरायची नाही, असा त्यांचा नियम होता. नियम अगदी शास्त्राला धरून वाटायचा.

"डाक्टरीणबाई," माणिकबाई मला म्हणायची, "तुमी लिहा, मी बोलतो. शिकली असती तं मीच डाक्टर झाली असती. अन् तुमचे डाक्टर माये कंपौंडर."

"मले चालन," डॉक्टर आतून ओरडायचे.

डिसेंबर १९३६ मध्ये डॉक्टरांनी मोजदाद केली. सगळी नोंदवही पसरून, एकेका नावाला एकेक चिंचोका ठेवून. दोनशे बारा नावं. तांबड्या रेघांची तेवीस वजा केली, उरल्या एकशे एकोणनव्वद. त्यांतल्या चौतीस जणींच्या गाठी सुजलेल्या. चौतीस! उष्ण देशांत क्वचित आढळणारा रोग एकट्या बार्शीटाकळीच्या आसपास चौतीस जणींना! डॉक्टर चिंचोके मुठीत घेऊन खोलीभर फिरत होते. मग त्यांनी वयाप्रमाणे ढीग केले आणि ते पुन्हा पुन्हा मोजले.

"आशा, इकडे ये. मोज. तू मोज, माझा विश्वास बसत नाही."

मी मोजलं. पंचेचाळिशीच्या आतल्या एकशे एक्कावन्न बायांत एकतीस, म्हणजे पाचांत एक. पंचेचाळिशीच्या पुढच्या अडतीस बायांत फक्त तीन.

"विझतो!" ते म्हणाले. "रोग आपोआप विझतो! पाळणे थांबतात त्या वयात दाहही थांबतो! हे कुठल्याच पुस्तकात नाही!"

त्यांनी चार दिवसांत निबंध लिहिला. पहिला भाग, रोग आपल्याकडे भरपूर आहे. दुसरा भाग, तो वयाबरोबर विझतो. नागपूरला जानेवारीत मध्यप्रांत आणि वऱ्हाडातल्या डॉक्टरांची परिषद भरणार होती. तिथे निबंध वाचायचे ते मोठ्या पदवीवाल्यांनी, एल.एम.पी.वाल्यांनी मागच्या बाकांवर बसून ऐकायचं. पण अकोल्याचे डॉ. ओमप्रकाश, डॉक्टरांचे शाळेपासूनचे मित्र, परिषदेच्या समितीवर होते. त्यांनी निबंध वर पाठवला आणि तो मंजूर झाला! दुसरा भाग सगळ्यांना फार आवडला होता. निबंध परिषदेच्या पुस्तकात छापणार, आणि नीट पार पडलं तर डॉक्टरांना पुन्हा प्रयोगशाळेत जागा मिळण्याचा संभव होता. सहा वर्षं बाजारात बसून काढलेल्या माणसासाठी याहून मोठं काय असणार? अकोल्याच्या शिंप्याकडे कोट शिवायला टाकला. वाचायची तारीख होती २३ जानेवारी.

११ जानेवारीच्या सकाळी गंगूबाई नेहमीसारखी दारात भाजी घेऊन आली. ती रोजच यायची. मी मेथी घेतली, तिनं पदराची गाठ सोडायला घेतली, आणि ती सुटेना. तिनं गाठ दातांत धरली. सहा वर्षं मी तिला दातांनी गाठ सोडताना पाहत होते आणि सहा वर्षं ती मला तिची सवय वाटत होती. त्या दिवशी माझ्या डोक्यात मापंच मापं होती म्हणून असेल, मी तिच्या हातांकडे पाहिलं. बोटं एका बाजूला झुकलेली, मुळाशी सुपारीएवढ्या गाठी.

"गंगूबाई, तुमचं माप काय हो? नोंदवहीत तुमचं नाव कसं नाही?"

"कायचं माप?"

"बांगडीचं."

बोलले आणि मला जीभ चावावीशी वाटली. गंगूबाईचे हात मोकळे होते. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मोठ्यानं हसली.

"डाक्टरीणबाई, लय शिकल्या म्हनते तुमी! मालक खपले त्या दिशी फोडल्या. अठरा साल झाले. रांडवल्या बाईचं माप कोन घेते?"

माझ्या हातातली मेथी खाली पडली. मी तशीच धावत दवाखान्यात गेले. चपला घातल्या नाहीत हे डायरीत आहे. डॉक्टर एका म्हाताऱ्याच्या पाठीला स्टेथॉस्कोप लावून बसले होते.

"अहो, विधवा!"

"कोण?"

"सगळ्या! विधवा बांगड्या भरत नाहीत! नवरा गेला की बाई माणिकबाईकडे येणंच थांबते! आपल्या नोंदवहीत म्हातारी विधवा एकही नाही! रोग विझत नाही हो, नाव जातं!"

म्हातारा म्हणाला, "डाक्टर, माया दमा..."

डॉक्टरांनी स्टेथॉस्कोप कानांतून काढला. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. मग ते हळूच म्हणाले, "तांबड्या रेघा."

"तेवीस."

"तेवीस," ते म्हणाले. आणि मला वाटलं आता हा माणूस कोसळणार, तर ते उठून उभे राहिले. "बारा दिवस आहेत! आशा, बारा दिवस आहेत!"

त्याच दुपारी आम्ही माणिकबाईच्या घरी गेलो. संक्रांत तोंडावर आलेली, घरभर बांगड्यांच्या राशी. डॉक्टरांनी एकेक तांबडं नाव वाचलं आणि ती हातातलं काम न थांबवता सांगत गेली. हिचा मालक साप चावून मेला. हिचा कॉलऱ्यानं. ही मेली. ही लेकीकडे गेली. गोदाबाईचं नाव वाचलं तशी ती म्हणाली, "तिचा मालक दोन सालाआंधी गेला, पोळ्याच्या चार दिवस पहिले."

"तुला हे सगळं माहीत होतं?" मी विचारलं.

"मालूम नसन तं काय! माया धंदा हाय. कोनाच्या हातात बांगडी हाय, कोनाच्या नाई, हे माह्याबिगर कोनाले मालूम?"

"मग सांगितलं का नाहीस?"

माणिकबाई उसळली. "तुमी इचारलं का? तुमी इचारलं 'कुठी गेली'. मी सांगतलं 'येत नाई'. येत नाई म्हंजे काय हे बी सांगा लागते का? तुमाले वाटलं ते काय पंढरीले गेल्या?"

डॉक्टरांनी तिला हात जोडले. "चुकलो, माणिकबाई. तू चल आमच्यासोबत."

बांगडीवाल्या बाईनं विधवेच्या दारात जायचं नसतं. कुणी तसं ठरवलेलं नाही, पण जायचं नसतं. तिनं हातातली बांगडी राशीवर ठेवली आणि म्हणाली, "पेटारा घरी ठेवन. रिकाम्या हातानं येईन."

दुसऱ्या दिवसापासून आम्ही पहाट फुटताच छकड्यात बसून निघायला लागलो, कारण हात सकाळीच पाहायला हवे होते. मी, माणिकबाई, आणि वाट दाखवायला गंगूबाई. डॉक्टर मागून सायकलवर यायचे आणि मळ्याच्या बांधावर थांबायचे. विधवेसमोर बांगडी तर बाहेर काढायची सोय नव्हती. म्हणून मी पंचांगाच्या जुन्या पानांच्या पट्ट्या कापल्या होत्या. बांगडी भरताना मिटवतात तसा हात मिटवायचा, गाठींवरून पट्टी गुंडाळायची, पेन्सिलीची खूण करायची, कापायची, नाव लिहायचं आणि डायरीत डकवायची. बांगडीचं माप आरपार असतं, पट्टीचं घेराचं; दोन्ही ताडून पाहायचा हिशेब डॉक्टरांनी करून ठेवला होता.

हात मिटवायचं काम माणिकबाईचं. पहिल्याच मळ्यात गोदाबाई. माणिकबाईनं तिचा हात हातात घेतला, अंगठा दुमडला, पण बोटं जुळेनात. मग माणिकबाई एकदम ओरडली, "एवढा हात सुजला तं सांगा नाई आलं का मले?"

"सांगून काय, बांगडी भरली असती का तुवा?"

"वांगे तं घेतले असते!"

गोदाबाई हसली. मी पट्टी लावली. आठ इंचांच्या वर. शेवटच्या अडीचच्या बांगडीहूनही मोठा हात. विहिरीचा दोर दिला तर तिची बोटं त्याला अर्धीसुद्धा वळेनात.

"आमची मूठ मिटत नाई," गंगूबाई बाजूनं म्हणाली, "म्हनून तं कोनी आमाले भेत नाई!" आणि मळाभर बाया हसल्या.

गंगूबाईचा हात मात्र डॉक्टरांनी मोजदादीत घ्यायला नकार दिला. ती मूळ नोंदवहीत नव्हती. सुजलेला दिसला म्हणून निवडलेला हात पुरावा होत नाही, असं त्यांनी तिला चांगलं अर्धा तास समजावलं.

"मंग माया हात फुकटच गेला म्हना," ती म्हणाली आणि दोन दिवस आमच्याशी बोलली नाही. वाट मात्र दाखवत राहिली.

नऊ दिवसांत आम्हांला तेवीसपैकी सतरा जणी सापडल्या. दोन मेल्या होत्या, चार गाव सोडून गेल्या होत्या. सतरांतल्या पंधरा विधवा. उरलेल्या दोघींचे नवरे होते, पण हात इतके बिघडलेले की कुठलीच बांगडी चढेना. लाजेनं त्यांनी बाजारात येणंच सोडलं होतं, आणि हातात तोंड उघडं असलेलं पितळी कडं घालून बसल्या होत्या. म्हणजे ज्यांचा रोग सगळ्यांत वाढला त्याच आमच्या वहीतून गळाल्या होत्या! सतरांतल्या चौदा जणी पंचेचाळिशीच्या पुढच्या, आणि त्या चौदांत अकरा जणींचे हात सुजलेले.

डॉक्टरांनी पुन्हा चिंचोके मांडले. पंचेचाळिशीच्या पुढे आता बावन्न बाया, त्यांत चौदा सुजलेल्या. तिनाच्या चौदा झाल्या होत्या. चारांत एकीहूनही जास्त.

"वाढतो," ते म्हणाले. "वयाबरोबर वाढतो." आणि असे हसले, जणू त्यांच्या निबंधाचा निम्मा भाग मेलाच नव्हता.

२१ तारखेला अकोल्याला कोट घ्यायला गेलो तेव्हा डॉ. ओमप्रकाशांना सांगितलं. ते खुर्चीतून उठलेच.

"अरे यार उत्तम, पागल झाला का? सभेत वाटायला निबंध छापून तयार आहे! परवा वाचायचाय! वाच अन् खाली बस. 'रोग विझतो' हे ऐकायला सगळे बसलेत. विधवांच्या हाताचं तुला तिथे कोण विचारते?"

"मीच विचारलं नाही," डॉक्टर म्हणाले. "सहा वर्षं. तीच तर चूक आहे."

"निबंध काढून टाकतील. प्रयोगशाळेची जागाही जाईल."

"जाऊ दे ना. पण विझतो म्हटलं तर उद्या कुठलाही डॉक्टर सुजल्या हाताच्या बाईला म्हणेल, थांब, पंचेचाळिशीत बरी होशील. आणि ती थांबेल."

ओमप्रकाशांनी कपाळाला हात लावला आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "वहिनी, हा लहानपणीही असाच होता."

नागपूरला मी शेवटच्या बाकावर दोन नर्सबायांशेजारी बसले होते, मांडीवर डायरी. डॉक्टरांचं नाव पुकारलं. ते नवा कोट घालून उभे राहिले आणि पहिलंच वाक्य बोलले, "माझ्या छापील निबंधाचा दुसरा भाग चूक आहे. तो मी मागे घेतो."

सभेत कुजबुज सुरू झाली. अध्यक्ष पांढऱ्या मिशांचे, धिप्पाड गृहस्थ होते. ते म्हणाले, "मग उरलं काय?"

"बावन्न हात, साहेब."

डॉक्टरांनी दहा मिनिटांत सगळं सांगितलं, तांबड्या रेघांसकट. कुणीतरी मागून विचारलं, "मापाला उपकरण कोणतं वापरलंत?" डॉक्टरांनी खिशातून सुतळीत ओवलेल्या काचेच्या बांगड्या काढून वर धरल्या आणि सभागृह हसण्यानं दणाणलं. माझी नखं डायरीच्या पुठ्ठ्यात रुतली.

अध्यक्ष हसले नाहीत. त्यांनी हात पुढे केला. "सगळ्यांत मोठी द्या."

डॉक्टरांनी अडीचची दिली. अध्यक्षांनी ती स्वतःच्या हातावर चढवायला घेतली, आणि ती बोटांच्या मुळांच्या गाठींवर अशी अडकली की पुढेही जाईना, मागेही येईना. सभागृह आता पोट धरून हसत होतं. शिपाई साबण आणि पाणी घेऊन धावला. बांगडी सुटली तेव्हा अध्यक्षांचं मनगट ओलं होतं आणि चेहरा गंभीर.

"मनगटाला लागलीच नाही," ते म्हणाले.

"नाही साहेब. मनगटाचा प्रश्नच नाही. ती गाठींपाशीच थांबते."

हसणं थांबलं. मग प्रश्न आले, एकावर एक! ऊन लागतं हे कसं ठरवलंत? मूठ कोणत्या वेळी पाहिलीत? निरोगी विधवांचे हात मोजलेत का? औषध काय दिलंत? डॉक्टर प्रत्येकाला उत्तर देत होते, आणि जे माहीत नव्हतं त्याला सरळ "माहीत नाही" म्हणत होते. दहा मिनिटांची चाळीस झाली.

शेवटी अध्यक्ष म्हणाले, "डॉक्टर गावंडे, हा निबंध आम्हांला पुस्तकातून काढावा लागेल. सतरा हातांवर काही छापता येत नाही. विधवांचे शंभर हात आणा. घरोघर जाऊन, निवडून नव्हे. मग छापू."

निबंध गेला होता. जागाही गेली, हे ओमप्रकाशांच्या चेहऱ्यावरून मला दिसलं. मी दाराशी उभी राहिले. डॉक्टर गर्दीतून वाट काढत आले, कोटाची गुंडी उघडी.

"शंभर!" ते म्हणाले. "ऐकलंस ना? शंभर म्हणाले! घरोघर! म्हणजे गंगूबाईपण चालेल!"

परतीच्या गाडीत ते छापील निबंधाच्या पाठच्या बाजूला गावांची यादी करत बसले. बार्शीटाकळी, दर्यापूर, मधली खेडी. कुठे कासारीण कोण आहे, कुठे बैलगाडी जाते. मी पट्ट्या कापत होते. पहाटे बडनेरा आलं तशी त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं आणि एकदम ट्रंक उचलली.

"अहो, तिकीट अकोल्याचं आहे!"

"वलगाव इथून जवळ आहे. घर आहे. चल!"

आम्ही उतरलो. टांगा करून वलगावला पोचलो तेव्हा सकाळ अजून कोवळी होती. अंगणात त्यांची आत्या, तानुबाई, चुलीपाशी भाकरी थापत होती. ती तरुणपणीच विधवा झाली आणि भावाच्या घरी आली. डॉक्टरांची आई लहानपणीच गेली, म्हणून त्यांना वाढवलं ते हिनंच. डॉक्टर तिच्यासमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, "आत्या, हात दाखव."

"काहून? मले काय झालं?"

"दाखव ना."

तिनं पिठाचा हात पुढे केला. भाकरी ती बोटांनी नव्हे, तळहाताच्या कडेनं थापत होती. बोटं वळतच नव्हती. डॉक्टरांनी एकेक गाठ चाचपून पाहिली.

"केव्हापासून?"

"तू नागपूरले शिकाले गेला तवापासून. अन् आता पायते का? बारा साल सुट्टीत येऊन याच हाताची भाकर खाल्ली तुवा!" मग माझ्याकडे वळून, "अन् सूनबाई, हे कागद कायले आनले?"

मी पट्टी तिच्या गाठींवरून गुंडाळली. पीठ कागदाला लागलं ते अजून डायरीत आहे. आठ इंच तीन सूत.

"सतरा आणि ही अठरा," मी म्हणाले.

"अठरा!" डॉक्टर उठून उभे राहिले. "आत्या, या आळीत अजून कोनाकोनाचे मालक गेले? सांग लवकर, उन्हं वर यायच्या आत!"

"भाकर तं खाशीन का?"

"मंग खाईन!"

तानुबाईनं तवा उतरवला, पदर सावरला, आणि आमच्या पुढे चालू लागली. ऊन तापेपर्यंत वलगावात आम्ही नऊ हात मोजले.